उंबरघळीतल्या चिलटाचा एक पंख

मी एक चिलट बोलतोय. खरं सांगायचं तर चिलटाचा एक पंख बोलतोय. बाकीचा मी कुठे गेलो, ते ओघात येईलच. माझा आवाज लहान आहे. जवळ या, पण तोंडावर रुमाल धरून या. कशासाठी, तेही कळेल.

तुम्ही मला पाहिलेलं नाही. पाहिलं असं वाटत असेल तर तो मी नव्हे. पिकलेल्या केळ्यावरून तुम्ही ज्याला हाताने हाकलता, तो माझा लांबचा भाऊबंद, केव्हाचा गावात राहायला गेलेला. आमचं घराणं ओल्या, दाट अरण्यातलं. दूर दक्षिणेला, जिथे वर्षभर पानांवरून पाणी ठिबकतं, तिथे आमचे पुष्कळ नातलग आहेत म्हणे. आमची एक फांदी मात्र कोण जाणे कोणत्या काळी खानदेशात येऊन राहिली. खानदेश म्हटलं की तुम्हाला काळी जमीन, कपाशी आणि डोकं भाजणारं ऊन आठवणार. खोटं नाही. पण पिंपळनेरच्या पश्चिमेला डोंगर लागतात आणि त्या डोंगरांत एक घळ होती. लोक तिला उंबरघळ म्हणत.

दोन्ही अंगांना कडे. कड्यांवर साग, सादडा, बांबू यांची इतकी गर्दी की ऊन खाली उतरताना हिरवं होऊन उतरे. तळाशी एक जुना उंबर आणि त्याच्या मुळांतून झिरपणारं पाणी. बाहेर वैशाखात दगड तडकत असले तरी घळीतलं शेवाळ ओलं असे. आमचं राज्य एवढंच. एका टोकाला कुणी खाकरलं तर दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल, इतकं लहान. पण चिलटाला किती लागतं?

भाद्रपदात, गळून पडलेल्या एका उंबरात मी जन्मलो. आधी आंधळी, पांढरी अळी होतो. मग फळ खाऊन खाऊन कंटाळलो तसा कोषात निजलो आणि उठलो तो पंख घेऊनच. पंख सुकले तेव्हा पहिल्यांदा ओल्या हवेवर बसलो. त्या दिवसाहून मोठा आनंद मला पुढे झाला नाही. पुढे फारसे दिवसच नव्हते.

तुमच्यात एक म्हण आहे, उंबर फोडून केंबरं काढू नयेत. आत किडे आहेत हे ठाऊक असलं तरी गुपचूप खावं, असा तिचा अर्थ. पण त्या भाद्रपदात एक मुलगी घळीत आली ती उंबर फोडून केंबरं काढायलाच.

तिचं नाव कुसुमलता. धुळ्याच्या दीपचंदशेठची एकुलती लेक. कलकत्त्याला मामाकडे राहून ती कीटकांचं शास्त्र शिकली होती आणि नुकतीच परत आली होती. तिकडे तिला नोकरी मिळत होती. पण आपल्या मुलखातल्या डोंगरांत काय काय राहतं हे आपल्याच माणसांना माहीत नाही, ते आपण नाही शोधायचं तर कुणी, असं म्हणून ती पेटी बांधून घरी आली. हे ती इतक्या जोरात सांगे की ऐकणारा आधी तिच्याकडे आणि मग इकडेतिकडे पाही.

घळ दाखवायला तिच्याबरोबर तोताराम होता. शेठच्या जंगलकामावरचा मुकादम, पिकल्या मिशांचा माणूस. कुसुम उंबराखाली गुडघ्यांवर बसली. तिच्या हातात काचेची नळी होती, नळीला रबरी नळी जोडलेली आणि रबरी नळीचं टोक तिच्या दातांत. चिलटाजवळ नळी नेऊन ती श्वास आत ओढी की चिलट नळीत. मध्ये जाळीचं फडकं होतं, म्हणून ते तोंडात जात नसे. तोतारामला ते फडकं काही दिसलं नाही.

“ताई, एखादं चिलट तोंडमा जाई बरं,” तो म्हणाला. मग विडी पेटवून, “वाघ दखाले बठ्ठा येतस. चिलटं दखाले तुम्हीच पहिल्या उन्यात.”

वाघ पाहायला सगळे येतात, चिलटं पाहायला आलेली तीच पहिली, हे ऐकून कुसुम हसली. हसताना तिने श्वास घेतला आणि त्या श्वासासरशी मी नळीत गेलो.

मरणाबद्दल फार सांगत नाही. बाटलीत औषधात भिजवलेला कापसाचा बोळा होता. गोडसर वास आला, पाय जड झाले, एवढंच. मी मेलो, आणि तुमच्या शास्त्राच्या हिशोबाने माझं आयुष्य तिथून सुरू झालं.

धुळ्याच्या घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, कुसुमचं टेबल होतं. तिने कागदाचा एक बारीक त्रिकोण कापला, त्याच्या टोकाला डिंकाचा ठिपका लावला आणि माझी उजवी कूस त्यावर टेकवली. त्रिकोणाच्या रुंद बाजूतून टाचणी. टाचणीच्या खाली, नखापेक्षा लहान चिठ्ठीवर, तिने लिहिलं, उंबरघळ, पिंपळनेर, भाद्रपद, १९७०. त्याखाली आणखी एक चिठ्ठी, नावासाठी. ती तिने कोरी ठेवली.

मग ती सूक्ष्मदर्शकावर वाकली. वाकताना तिचा श्वास माझ्यावर आला आणि मी कागदासकट हललो. तेव्हापासून काम करताना ती नाकातोंडावर रुमाल बांधू लागली.

मला कुणी असं कधी पाहिलं नव्हतं. मी स्वतःलाही पाहिलं नव्हतं. ती पाहत गेली आणि मोठ्याने म्हणत गेली, तसा मी मला कळत गेलो. माझे डोळे विटेच्या रंगाचे आहेत आणि एकेका डोळ्यात शेकडो डोळे आहेत. मिशी म्हणावी असा एक केस आहे, पण तो केस नाही, पीस आहे. त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फुटतात. इतर किड्यांना चार पंख, मला दोनच. मागच्या दोन पंखांच्या जागी दोन इवल्या गदा आहेत. उडताना त्या थरथरतात आणि माझा तोल सांभाळतात. ते ऐकून मला वाटलं, बघा, जन्मभर मी गदा घेऊन फिरत होतो आणि मलाच पत्ता नव्हता.

माझ्या पंखाच्या टोकाला एक धुरकट ठिपका आहे. कुसुमला आधी त्याचंच कौतुक वाटलं. पण पुस्तकातल्या चित्रांशी ताडून पाहिल्यावर तिने मान हलवली. तसा ठिपका माझ्या कितीतरी नातलगांना होता. ठिपक्यावरून घराणं कळतं, माणूस कळत नाही.

मग तिला माझा पुढचा पाय दिसला. आम्हा नरांच्या पुढच्या पायावर काळ्या दातांचा एक कंगवा असतो. पुस्तकातल्या सगळ्यांचा कंगवा सरळ होता. माझा पायाभोवती वळलेला होता, जिन्यासारखा. आणि पोटाच्या टोकाला, जिथे नराचा आकडा असतो, तिथे पुस्तकातल्यांना एक टोक होतं, मला दोन. बाईमाणसाच्या बांगडीवरून जशी जात कळावी तशी आमची जात या दोन जागांवरून कळते, आणि कळते ती नरावरूनच. कुसुमने घळीतून आणलेल्या बाटल्या पालथ्या घातल्या. माद्या पुष्कळ होत्या, पण माद्या बहिणी-बहिणींसारख्या सारख्याच दिसतात. माझ्या जातीचा नर मी एकटाच सापडलो होतो.

ती खुर्चीत मागे टेकली. रुमाल सोडायचं तिला सुचलं नाही. “तू कुठल्याच पुस्तकात नाहीस,” ती रुमालाआडून म्हणाली.

त्याच वेळी दारात झमकूबाई उभ्या होत्या. ही शेठची थोरली बहीण, कुसुमची भुआजी. कमी वयात नवरा गेला, पहूरला सासरी एकट्या राहत होत्या. कुसुमची आई वारली तेव्हा पहूरचं घर बंद करून त्या धुळ्याला आल्या आणि या पोरीला वाढवलं. जैनांच्या घरातली बाई. सकाळ-संध्याकाळ तोंडाला मुहपत्ती बांधून सामायिकाला बसायच्या, म्हणजे दोन घटका मन शांत ठेवून, कुठल्या जिवाला धक्का न लावता.

भाचीच्या तोंडावर रुमाल पाहून त्यांचा चेहरा उजळला. “मुहपत्ती बांधलीस? बरं केलंस, बाई.”

“भुआजी, माझ्या श्वासाने हा उडून जाईल म्हणून बांधलीय.”

“तेच तर. आम्हीही त्याचसाठी बांधतो.”

मग त्यांना टाचणी दिसली. हा कोण, असं त्यांनी विचारलं, आणि कुसुमने सांगितलं. सूक्ष्मदर्शकातून एकदा बघा, किती सुंदर आहे, असं कुसुम परोपरीने म्हणत राहिली. पण मारून ठेवलेला जीव मी बघणार नाही, एवढंच बोलून त्या जिना उतरल्या. पोरीच्या नावावर लागलेलं पाप फिटावं म्हणून दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक नेम धरला. अंगणातल्या लिंबाखाली, भिंतीच्या कडेला, जिन्याच्या पायथ्याशी त्या पिठात साखर कालवून मुंग्यांना घालू लागल्या. त्यांच्याकडे याला कीडीनगरा म्हणतात. एक जीव गेला, तर हजार जगावेत, असा साधा हिशोब होता.

आता शेठचं सांगतो, कारण माझं सगळं त्यांच्या एका शब्दाला टांगलेलं होतं. दीपचंदशेठची लाकडाची वखार होती. त्या वर्षी जंगल खात्याने डोंगरातलं कूप, म्हणजे तोडायचा पट्टा, लिलावात काढलं आणि ते शेठनी घेतलं. उंबरघळ त्या पट्ट्यातच होती. कुसुमला ते मला आणल्यावर महिन्याभराने कळलं.

त्या घरात जेवणं दिवस मावळायच्या आत होत. उजेडात, ताटावर बसून, बापलेकीचं पहिलं भांडण मी वरून ऐकलं. घळीत जे आहे ते आणखी कुठेही नाही, ती सावली गेली की ते गेलं, आणि गेलेलं कुठल्याच बाजारात परत मिळत नाही, असं कुसुम सांगत होती. तिचा आवाज चढला होता. शेठचा चढला नाही.

“लिलावात मी हात खाली केला की शेजारचा वर करतो, कुसुम. झाडं दोन्हीकडून जातात.”

“वनकर्म, जंगल तोडायचा धंदा, आपल्याला वर्ज्य आहे, दीपा,” भुआजी भावाला म्हणाल्या. “मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”

“त्याच वखारीतून तुमच्या मुंग्यांची साखर येते, जीजी.”

वाटीला चमचा लागल्याचा आवाज तेवढा झाला. मग शेठच म्हणाले, आणि हे शब्द मला पाठ आहेत. “तुझी माशी जगात दुसरीकडे नाही, असं जाणत्या माणसाकडून लिहून आण. घळ मी सोडली. आखाजीपर्यंत तिथे कुऱ्हाड जाणार नाही. त्यापुढे मला थांबता येणार नाही, पाऊस लागला की गाड्या डोंगर उतरत नाहीत.”

आखाजी म्हणजे खानदेशातली अक्षय्य तृतीया. शेठ शब्दाचे पक्के होते. कुसुमने त्याच आठवड्यात माझी चित्रं काढायला घेतली.

हिवाळाभर तिने मला काढलं. कंगव्याचा एकेक दात, आकड्याची दोन्ही टोकं, पंखातल्या शिरा. चित्रं कलकत्त्याला तिच्या गुरुजींकडे गेली. उत्तर यायला फाल्गुन उजाडला. गुरुजींनी लिहिलं होतं की चित्रावरून जात नवी वाटते, वाटते काय, जवळजवळ खात्रीच आहे. पण चित्रावर सही करता येत नाही, प्रत्यक्ष कीटक पाहायला हवा, तो जपून पाठव.

मी जाणार होतो. आगगाडीतून, इतक्या दूर, माझं नाव आणायला. आणि माझ्या नावाबरोबर माझी घळ आणायला.

आता अडचण होती ती मुंग्यांची. भुआजींच्या पिठा-साखरेने घरात मुंग्यांचं राज्य झालं होतं आणि मेलेला किडा म्हणजे मुंगीला पक्वान्न. इतर कीटक डांबराच्या गोळ्या घातलेल्या पेटीत सुरक्षित होते. मला मात्र कुसुम सारखी बाहेर काढी, कारण कंगव्याचं एक शेवटचं चित्र तिच्या मनासारखं होत नव्हतं. म्हणून दूध-तुपाच्या फडताळाला करतात तसं तिने केलं. टेबलाच्या चारही पायांखाली जर्मनच्या वाट्या ठेवल्या आणि त्या पाण्याने भरल्या. वर बुचाच्या तुकड्यावर मला टोचून ठेवलं. आता काय येतंय इथे, असं ती मलाच म्हणाली. भुआजींना तिने बजावून ठेवलं, वाट्या हलवू नका. भुआजींनी मान डोलावली. त्या कधी दिलेला शब्द मोडत नसत. त्या घराचं वळणच ते.

चैत्रातली दुपार होती. मला न्यायची डबी तयार झाली का ते पाहायला कुसुम वखारीत गेली होती. वखारीतला सुतार नूर महंमद सागाच्या तुकड्यातून ती डबी करत होता. डबीसाठी तो आदल्या दिवशी माप घ्यायला वर आला होता. मला पाहून त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. “बेटी, आजवर पाळणे केले, पलंग केले, जनाजाही केला. ह्या साहेबासाठी पेटी पहिल्यांदाच करतोय. माप कशाचं घेऊ?” असं म्हणाला आणि तरी मन लावून माप घेतलं.

खोलीत मी एकटा. दार लोटून भुआजी आत आल्या. त्यांच्या हातात मऊ लोकरीची पुंजणी होती. केर काढताना किडा-मुंगी चिरडू नये म्हणून ती असते. टेबलाशी आल्यावर त्या थबकल्या. वाट्यांतल्या पाण्यावर मुंग्या तरंगत होत्या. काही मेलेल्या होत्या, काही अजून पाय हलवत होत्या.

भुआजींचे गुडघे दुखत. तरी त्या जमिनीवर बसल्या. बोटाच्या टोकाने एकेक मुंगी त्यांनी उचलली आणि पदरावर ठेवली. पदर खिडकीतल्या उन्हात धरून बसल्या. ज्या चालू लागल्या त्यांना त्यांनी भिंतीशी सोडलं. “माझ्याच साखरेवर आल्या आणि इथे बुडाल्या,” त्या पुटपुटत होत्या. वाट्या हलवायच्या नव्हत्या, शब्द दिला होता. त्यांनी विचार केला. मग केरसुणीच्या काड्या मोडून आणल्या आणि प्रत्येक वाटीत एक काडी तिरपी ठेवली. एक टोक वाटीच्या काठावर, दुसरं टेबलाच्या पायाला टेकलेलं. बुडणाऱ्या मुंगीला धरायला काहीतरी असावं म्हणून. पोरीचंही राहिलं, मुंग्यांचंही राहिलं, अशा समाधानाने हात टेकून त्या उठल्या आणि सामायिकाला गेल्या.

मी काडीकडे पाहत होतो. ओरडायला मला तोंड होतं, दोन्ही मिशांची पिसं होती, शेकडो डोळे होते. आवाज नव्हता. पाय होते, पण डिंकाने आणि मरणाने धरलेले. गदा होत्या, त्या एकदा थरथरल्या असत्या तर पुरे होतं.

पहिली मुंगी काडीवरून आली तेव्हा घाबरलेली होती. पाण्याच्या वर लटकत ती पुढे-मागे झाली, मग टेबलाच्या पायाला लागली आणि चढू लागली. ती मला भेटली. मिशा लावून तिने मला चाचपलं आणि परत गेली. ती एकटीच असती तर बरं झालं असतं. ती बाकीच्यांना सांगायला गेली होती.

मुंग्यांना मी दोष देत नाही. मी उंबर खाल्लं, त्यांनी मला खाल्लं. आधी त्यांनी डोकं नेलं. मग तो कंगव्याचा पाय, जिन्यासारखा वळलेला, ज्यासाठी कुसुमने हिवाळा घालवला होता. एक मुंगी तो डोक्यावर धरून काडीच्या पुलावरून चालत गेली, देव्हाऱ्यात काही नेत असल्यासारखी. पोट नेताना त्यांना तिघीचौघी लागल्या. दोन टोकांचा आकडा पोटाबरोबर गेला. एक पंख सुटून पडला, वाऱ्याने उडाला. दुसरा डिंकात अडकलेला होता आणि पंखात खाण्यासारखं काही नसतं. तो त्यांनी सोडला. तो मी.

म्हणजे उरलं ते माझं तेवढंच अंग, ज्यावरून मी कोण ते कुणालाही सांगता येत नाही.

कुसुम डबी घेऊन धावतच जिना चढली. डबी सुरेख झाली होती, आत बूच बसवलेलं, झाकण असं घट्ट की वारासुद्धा शिरू नये. सामायिक आटोपून भुआजी तिच्या मागोमाग आल्या. त्यांना तिला काहीतरी दाखवायचं होतं.

“बघ, बाई,” त्या वाट्यांकडे बोट करून म्हणाल्या, “आज एकही मुंगी बुडाली नाही.”

कुसुमने वाट्या पाहिल्या. काड्या पाहिल्या. काडीवरून अजून चालत असलेली ओळ पाहिली आणि त्या ओळीच्या मागे मागे डोळे नेत ती माझ्यापर्यंत आली. भुआजी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, लहान मुलाने पाटीवर काढलेलं दाखवावं आणि वाट पाहावी, तशा.

“चांगलं केलंत, भुआजी,” ती म्हणाली.

मग तिने कपाटातला रुमाल काढला, नाकातोंडावर घट्ट बांधला आणि माझ्यावर वाकली. सूक्ष्मदर्शकाखाली मला घेतलं नाही. नुसतीच वाकून राहिली. रुमाल ओला झाला.

शेठना तिने सांगितलं की कीटक हरवला. कसा, ते सांगितलं नाही. एवढं जपायचं ते हरवलंस कसं, असं शेठ विचारत राहिले, चिडून नव्हे, त्यांना खरंच कळत नव्हतं. चित्रं आहेत, असं ती म्हणाली. तुझ्या गुरुजींनाच चित्र पुरत नाही तर मला कसं पुरेल, असं ते म्हणाले; आणि त्यात चूक काय होती? ती दोनदा मोटारीने पिंपळनेरला जाऊन आली. पण आमची पिढी फळांबरोबर येते, भाद्रपदात. चैत्रात आम्ही कुठे ओलीच्या आत निजलेले असतो, ते आमचं आम्हालाच ठाऊक नसतं. रिकाम्या नळ्या घेऊन ती परत आली.

आखाजी आली. गल्लीत लिंबाला झोके बांधले, माहेरवाशिणी गाणी म्हणत झोके घेऊ लागल्या. कुसुम खिडकीत बसून होती. शेठनी शब्द पाळला होता. सणाच्या दिवसापर्यंत घळीत कुऱ्हाड गेली नाही. सण झाल्यावर गेली.

भाद्रपदात कुसुम घळीत निघाली तेव्हा मला डबीत घालून बरोबर घेतलं. काही सापडलं तर ठिपका ताडून पाहायला, असं ती म्हणाली. मला वाटतं, मला घरी न्यावं असं तिच्या मनात होतं.

तिने डबी उघडली आणि मला ऊन लागलं. घळीत मी कधी पांढरं ऊन पाहिलं नव्हतं. कड्यांवर बुंधे होते. शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. झरा होता तिथे ओला दगडही नव्हता. आणि त्या सगळ्याच्या मध्ये उंबर उभा होता, एकटा, पानं लोंबलेला. खाली पडलेली फळं कडक होऊन चामड्यासारखी झाली होती.

तोताराम उंबराला टेकून उभा होता. तिला बरं वाटावं म्हणून तो म्हणाला, “उंबर तं तसाच शे ना ताई. शेठनी कोणले हात बी लावू दिधा नही.”

तिला माहीत होतं. घरून निघताना शेठनीच तिला सांगितलं होतं, थोडं लाजत, मोठी भेट आणल्यासारखं: तुझी माशी उंबरावर राहते म्हणालीस ना, म्हणून आजूबाजूचं तोडलं तरी उंबर ठेवला आहे. ती त्यांच्या पाया पडली होती. दुसरं ती काय करणार होती?

ती वाळलेली फळं एकेक करून फोडत राहिली. आत भुकटी होती. त्या वर्षी पाऊस आधीच ओढ देत होता, त्यानंतरच्या वर्षी तर त्याने पाठच फिरवली. त्या दुष्काळात उंबराचं काय झालं, ते मला सांगायला कुणी आलं नाही.

आता मी तिच्या टेबलावर असतो, सागाच्या डबीत. कुसुम जळगावच्या एका कॉलेजात शिकवते. भुआजी तिच्याजवळच राहतात. त्यांना आता फारसं दिसत नाही. परवा त्यांनी आपणहून म्हटलं, तुझ्या त्या काचेतून मला एकदा दाखव, डोळे पुरते जायच्या आत. कुसुमने क्षणभर थांबून मला काचेखाली ठेवलं. भुआजींनी आधी मुहपत्ती बांधली, मग वाकल्या.

“अगबाई,” त्या म्हणाल्या. “केवढ्या शिरा आहेत. आणि टोकाला काजळाचं बोट लावलंय कुणीतरी.” बराच वेळ पाहून त्यांनी मान वर केली. “पंखच आहे हा. बाकीचा कुठे गेला?”

कुसुम खिडकीबाहेर पाहत होती.

“उडाला, भुआजी.”

“बरं झालं,” भुआजी म्हणाल्या, आणि त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. “इतकी वर्षं माझ्या मनाला लागून होतं.”

माझ्या टाचणीवरची खालची चिठ्ठी अजून कोरी आहे. म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. कुठे एखादी ओली घळ तुमच्या वाटेत आली, तिथे उंबर असला आणि उंबराखाली चिलटं असली, तर हाकलू नका. गुडघ्यांवर बसा. पंखाच्या ठिपक्यावर भुलू नका, तो सगळ्यांनाच असतो. पुढचा पाय पाहा. त्यावरचा कंगवा जिन्यासारखा वळत वर गेलेला असेल, तर तो माझा भाऊ आहे. त्याच्या नुसत्या उंबराला राखू नका, उंबरावर सावली धरणाऱ्या झाडांना राखा, आणि त्या झाडांवरच्या सावल्यांना. त्याला त्याचं नाव सांगायचं राहून गेलंय.

पाहाल तेव्हा तोंडावर रुमाल धरा. तुमच्या नुसत्या श्वासानेही आम्ही जातो.